‘सगळी मूळचीच’ म्हणून विकलेल्या विंचेस्टर १८९४ बद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक विभाग, जुन्या शस्त्रांचा लिलाव करणारी आपली कंपनी

विषय : लॉट क्र. २१७, विंचेस्टर कंपनीची १८९४ मॉडेलची लिव्हर (खटका ओढून काडतूस भरायची) रायफल. चुकीचे वर्णन व संपूर्ण परताव्याची मागणी

महोदया,

फोनवर आपण मराठीत बोललात, म्हणून हे पत्र मराठीत. वरिष्ठांसाठी इंग्रजी प्रत सोबत आहे.

आपल्या कॅटलॉगमध्ये लिहिले होते : १८९७ सालची, गोल नळी, .३० डब्ल्यूसीएफ (म्हणजे .३०-३० काडतुसाची), ‘सगळी मूळचीच, रंगासह’. त्या शेवटच्या तीन शब्दांपायी मी ४,२०० डॉलरपर्यंत बोली चढवली. वर आपले २० टक्के धरून ५,०४० डॉलर भरले. रायफल घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आपल्याला फोन केला, म्हणजे आपल्या पाच दिवसांच्या मुदतीत. तेव्हा आपण म्हणालात, “काका, सव्वाशे वर्षांची वस्तू आहे, थोडंफार इकडचं तिकडं होणारच.”

ताई, झिजलेली असती तर मी एका शब्दाने बोललो नसतो. हाताळून तपकिरी पडलेली, दस्त्यावर चरे असलेली रायफल मी आनंदाने घेतली असती. ही झिजलेली नाही, हिला नवी केली आहे.

मुलाकडे कनेक्टिकटला येण्याआधी मी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये बत्तीस वर्षे काढली. धातूवर बफ फिरला की काय होते, ते मला पुस्तकात बघावे लागत नाही. रिसीव्हरच्या, म्हणजे नळीमागच्या यंत्रणेच्या धातूच्या चौकटीच्या, कडा हाताला टोचायला हव्यात, त्या साबणाच्या वडीसारख्या गोलसर लागतात. स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा आला आहे. नळीवरच्या कंपनीच्या नावातली काही अक्षरे एका बाजूला पुसट झाली आहेत. गंजाचे जुने खड्डे आहेत आणि त्यांच्या तळातही निळा रंग आहे. आधी रंग आणि मग गंज असा क्रम असता, तर खड्ड्यात रंग उरलाच नसता. लाकडाचेही तेच. कारखान्यातून निघताना ते धातूपेक्षा केसभर वर असते, इथे केसभर खाली आहे. कुणीतरी पॉलिशपेपर घेऊन निवांत बसला होता.

एवढ्यावर तुम्ही ‘हे तुमचे मत’ म्हणू शकला असता, आणि म्हणालातही. म्हणून नळीकडे बघा. तिच्यावर अंडाकृती चौकटीत डब्ल्यू आणि पी ही अक्षरे आहेत. हा विंचेस्टरचा चाचणीचा शिक्का, आणि तो जुलै १९०५ पासून मारला जाऊ लागला. १८९७ च्या रायफलीवर तो आला कुठून? रिसीव्हरवर तो नाही. म्हणजे नळी नंतरची आहे, आणि ती बहुधा कारखान्याबाहेरच बसवली गेली.

शेवटी वायोमिंगमधल्या कोडी गावच्या शस्त्र संग्रहालयाकडून नोंदपत्र मागवले. विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या तिथे आहेत. १८९४ मॉडेलच्या ३,५३,९९९ क्रमांकापर्यंतच्या रायफली त्यांत सापडतात. रिसीव्हरच्या पोटाखालच्या क्रमांकापुढे लिहिले आहे : १८९७, रायफल, अष्टकोनी नळी, .३८-५५. दुरुस्तीसाठी कारखान्यात परत आल्याची नोंद नाही. (.३०-३० चे काडतूस .३८-५५ वरूनच घडवलेले, पण म्हणून एकाची नळी दुसऱ्याची होत नाही.) विंचेस्टरच्या न्यू हेवनमधल्या गोदामातून अष्टकोनी नळीची रायफल निघाली आणि माझ्याकडे गोल नळीची पोचली. हे पत्र विक्रीपूर्वी मागवणे आपल्याला अवघड नव्हते. कॅटलॉगमध्ये क्रमांक आपणच छापला होता.

आपल्या ईमेलमध्ये दोन मुद्दे आहेत. पहिला, रायफल १८९८ किंवा त्याआधीची असल्याने कायद्याने पुराणवस्तूच आहे. बरोबर, त्याबद्दल माझी तक्रारच नाही. अमेरिकेचा १९६८ चा केंद्रीय शस्त्र कायदा ती कधी बनली ते बघतो. संग्राहक नळी, रंग, लाकूड, स्क्रू असे सगळेच बघतो, आणि आपण पैसे संग्राहकाच्या भावाने घेतलेत. दुसरा मुद्दा, ‘मूळची’ हा शब्द केवळ कॅटलॉग लिहिणाऱ्याचे मत होते. मत होते तर ‘आमच्या मते’ असे लिहायचे होते. शेजारच्याच लॉटला आपण ‘पुन्हा रंगवलेली’ असे स्वच्छ लिहिले आहे, म्हणजे फरक आपल्याला कळतो.

माझ्या मागण्या : ५,०४० डॉलर, येण्या-जाण्याचा पाठवणी खर्च आणि संग्रहालयाच्या पत्राची फी परत मिळावी. तसेच आपल्या संकेतस्थळावरच्या जुन्या निकालांत या लॉटचे वर्णन दुरुस्त करावे, कारण उद्या कुणीतरी तोच दाखला धरून दुसरी अशीच रायफल विकेल. अर्धा परतावा आणि पुढच्या खरेदीवर सूट ही आपली तडजोड मला मान्य नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर राज्याच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे हीच कागदपत्रे जातील.

रायफल आपण पाठवलेल्या खोक्यातच आहे. एकही स्क्रू मी सैल केलेला नाही. मोजमापांसह १४ छायाचित्रे आणि नोंदपत्राची प्रत जोडली आहे. परतीचे लेबल पाठवावे.

आपला,
लॉट क्र. २१७ चा खरेदीदार