खुले पत्र : चीनशी मैत्री करा, पण सीमेवर काय सोडलं ते आधी सांगा

मा. परराष्ट्रमंत्री डॉ. एस. जयशंकर यांस,
सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातला निवृत्त हवालदार. नोव्हेंबर २०२५ मध्ये अरुणाचलात जन्मलेल्या एका भारतीय महिलेला शांघाय विमानतळावर सुमारे १८ तास अडवून ठेवलं. का, तर जन्मस्थान अरुणाचल, म्हणून भारताचा पासपोर्ट चालणार नाही! आपल्या खात्याने निषेध नोंदवला, हे मी वाचलं. पण त्याआधी ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत येऊन गेले, पंतप्रधान चीनमध्ये तियानजिनला जाऊन आले, ऑक्टोबरात दोन देशांतली थेट विमानं सुरू झाली. एवढं झाल्यावरही त्यांची ही हिंमत होते, तेव्हा मैत्रीच्या वाटाघाटीत आपण नेमकं काय मिळवलं, हे विचारायला हे पत्र लिहितो आहे.

मैत्रीला माझा विरोध नाही. सोलापूरचे डॉ. कोटणीस चिनी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथेच गेले. आम्हा मराठी माणसांना ही मैत्री कुणी शिकवायला नको. शेजारी बदलता येत नाही आणि युद्ध कशाला म्हणतात ते बंदूक उचललेल्याला जास्त कळतं. बोलणी चालू ठेवा. पण परस्पर आदर, परस्पर संवेदनशीलता, परस्पर हित ही त्रिसूत्री आपणच मांडलीत ना? मग ते २०१७ पासून अरुणाचलातल्या गावांना आणि डोंगरांना चिनी नावं देत सुटलेत, मे २०२५ मध्ये आणखी २७ दिली, यात कुठला आदर आहे?

साहेब, पूर्व लडाखमधल्या डेपसांगच्या पठारावर मी गस्त घातली आहे. बॉटलनेक नावाच्या चिंचोळ्या जागेपर्यंत गाडी, पुढे पायी. १६ हजार फुटांवर दोन पावलं टाकली की छाती भात्यासारखी चालते. माझ्या डाव्या पायाची दोन बोटं हिमदंशाने गेली. २०२० नंतर तीच वाट चिन्यांनी अडवल्याचं ऐकलं तेव्हा मला जेवण गेलं नाही. जून २०२० मध्ये गलवानला चिन्यांशी झालेल्या झटापटीत कर्नल संतोष बाबूंसह २० जण गेले आणि चारच दिवसांत सर्वपक्षीय बैठकीत सांगितलं गेलं, की कुणी आत आलेलंच नाही. मग ती माणसं कुठे लढली? या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

२०२३ च्या सुरुवातीला लेहच्या पोलीस अधीक्षकांचा अहवाल बाहेर आला : पूर्व लडाखमधल्या ६५ पैकी २६ ठिकाणी आपली गस्त होत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये डेपसांग आणि डेमचोक इथल्या गस्तीवर चीनशी तोडगा निघाला, त्याचा मला मनापासून आनंद झाला. पण पँगाँग, गोग्रा, गलवान इथले बफर झोन, म्हणजे दोघांनीही गस्त घालायची नाही असे पट्टे? त्यातली किती जमीन आपल्या बाजूची? चुशूलच्या मेंढपाळांना जुन्या कुरणांत जाता येतं का? पँगाँगच्या दक्षिणेची कैलास रांगेची शिखरं आपल्या पोरांनी ऑगस्ट २०२० मध्ये काबीज केली, ती फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडली. त्या बदल्यात डेपसांग तेव्हाच का मागितलं नाही? माझा मुलगा आज त्याच थंडीत उभा आहे. फोनवर काही विचारलं की विषय बदलतो.

आणि व्यापार? २०२४-२५ मध्ये चीनबरोबरची तूट ९९ अब्ज डॉलरवर गेली. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांवर निर्बंध आणले आणि आपल्या गाड्यांच्या कारखान्यांचे धाबे दणाणले. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी चीन पाकिस्तानला आपल्या हालचालींची ताजी माहिती पुरवत होता, हे आपल्याच उपलष्करप्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं. चीनची अर्थव्यवस्था मोठी आहे, तिच्याशी भांडण कसं काढू, असं आपण २०२३ मध्ये एका मुलाखतीत म्हणाला होतात. मंत्र्याच्या तोंडचं हे वाक्य सीमेवरच्या शिपायाने कसं ऐकायचं?

१९६२ च्या नोव्हेंबरात युद्ध चालू असताना संसद भरली होती. नेहरूंना तोंडावर बोल ऐकवले गेले. त्याच महिन्यात यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असं आमची आधीची पिढी अभिमानाने सांगायची. तेव्हा शत्रू दारात असताना चर्चा झाली. आता शांतता असताना होत नाही. विचारलं की राष्ट्रीय सुरक्षा आडवी येते. चिन्यांना ठाऊक आहे, आपण कुठवर जातो. माहीत नाही ते फक्त आम्हाला.

सगळीकडे हेच चाललंय. बोटं गमावल्याचं निवृत्तिवेतन मागायला गेलो, तर एका कार्यालयात मलाच विचारलं, हे नोकरीतच झालं याचा पुरावा काय? तिथला बाबू उत्तर देत नाही, त्याचा साहेब देत नाही आणि वर मंत्रीही देत नाहीत. सैनिक म्हटलं की टाळ्या. सैनिकाने प्रश्न विचारला की तो देशद्रोही. मी विचारणारच. त्या मातीवर माझं रक्त सांडलंय.

बफर झोनचे नकाशे निदान संसदीय समितीपुढे ठेवा, चिनी पुढे येण्याआधीची, एप्रिल २०२० ची स्थिती कुठे परत आली आणि कुठे नाही ते सभागृहात सांगा, आणि अरुणाचलच्या माणसाला पुन्हा अडवलं तर पुढची मंत्रिस्तरीय भेट रद्द होईल, असं बीजिंगला कळवा. या पत्राची नुसती पोच पाठवू नका.

आपला,
एक निवृत्त हवालदार, जि. सातारा