एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

रविवारच्या पुरवणीत शेअर, सोनं-चांदी आणि क्रिप्टोवर जे पानभर आलंय त्यातल्या एकाच वाक्यावरून हे पत्र लिहितोय. लेखक म्हणतात की घरात जसा एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा खटका) असतो तसं बाजारात सर्किट ब्रेकर असतं, काही गडबड झाली की आपोआप बंद, त्यामुळे सामान्य माणसाने घाबरायचं कारण नाही. बाजारातलं मला बेताचंच कळतं आणि जे कळतं ते चटके खाऊन, पण वायरिंगची कामं मी सत्तावीस वर्षं करतोय आणि त्या वाक्यातला एमसीबीच उलटा बसलाय.

एमसीबी तुमच्यासाठी नसतो हो, तो भिंतीतल्या वायरीसाठी असतो. वायर तापून पेटू नये एवढंच त्याचं काम. आत दोन वेगवेगळे धातू जोडलेली पट्टी असते, करंट जास्त झाला की ती तापून वाकते आणि खटका पाडते, आणि शॉर्ट सर्किट झालं तर शेजारची कॉईल तेच काम क्षणात करते. आता हिशोब बघा, १६ अँपियर म्हणजे १६,००० मिलीअँपियर, आणि माणसाच्या अंगातून ३० मिलीअँपियरच्या वर करंट थोडा वेळ जरी गेला तरी जिवाशी खेळ होतो. म्हणजे तुम्ही शॉक लागून चिकटलेले असाल तरी १६ च्या एमसीबीला त्याची गंधवार्ताही नसते, त्याच्या दृष्टीने घरात सगळं आलबेल आहे. आणि तो काही लगेच पडतो असंही नाही, घरगुती एमसीबीचं जे स्टँडर्ड आहे त्यात १६ चा एमसीबी २३ अँपियरवर पडायला तासभरसुद्धा घेऊ शकतो, तेवढी मुभा आहे त्याला.

माणसासाठी वेगळी वस्तू असते, आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का हे ती बघत बसते आणि ३० मिलीअँपियरचा फरक पडला की सप्लाय तोडते. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, ते अधूनमधून दाबायचं असतं, मी आजपर्यंत ज्या घरांत गेलो तिथे विचारलं तर बहुतेकांना ते बटण कशाचं हेच माहीत नव्हतं. (एका हाताला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल असं धरलं तर तीही वाचवत नाही, हे पण सांगून ठेवतो.)

आता बाजाराकडे या. १९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकेच्या शेअर बाजाराचा डाऊ निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के पडला, त्यानंतर तिकडे सर्किट ब्रेकर आणले. आज तिथला एस अँड पी ५०० निर्देशांक ७ टक्के पडला की १५ मिनिटं बाजार थांबतो, १३ ला परत १५ मिनिटं, २० ला दिवसभरासाठी बंद. मार्च २०२० मधे ९, १२, १६ आणि १८ तारखेला असं चार वेळा झालं. पण थांबल्याने कोणाचं नुकसान भरून आलं का? पंधरा मिनिटांनी भाव जिथे उघडायचा तिथेच उघडतो, तुमचा शेअर तुमच्याकडेच असतो आणि कर्ज काढून घेतला असेल तर कर्जही तुमच्याकडेच. ती पंधरा मिनिटं बाजाराची वायर थंड करायला असतात. क्रिप्टोत तर तेही नाही, चोवीस तास चालू, १२ मार्च २०२० ला बिटकॉईन एका दिवसात साधारण ४० टक्के खाली आलं आणि कोणी खटका पाडला नाही.

मला जास्त राग वेगळ्या गोष्टीचा आहे. गेल्या वर्षी पुतण्याच्या घरी गेलो होतो, एमसीबी सारखा पडतोय म्हणून. म्हणाला काका, १६ चा काढून ३२ चा टाका ना, कटकटच जाईल. बोर्ड उघडला तर दीड एमएमची बारीक वायर, त्यावर गीझर, इस्त्री आणि हीटर एकाच लाईनीवर, न्यूट्रलचा स्क्रू ढिला आणि तिथलं इन्सुलेशन करपून इतकं कडक झालेलं की बोट लावलं की भुगा पडत होता. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, ३२ चा टाकला असता तर एमसीबी शांत बसला असता आणि वायर जळली असती. मी हे समजावत होतो आणि हा मोबाईलकडे बघतोय, चेहरा पांढराफटक. क्रिप्टोच्या फ्युचरमधे, म्हणजे पुढच्या भावाच्या सौद्यात, वीसपट लिव्हरेजवर म्हणजे उधारीवर पैसे लावले होते. आदल्या आठवड्यातच मला म्हणाला होता, काका टेन्शन नाही, भाव फार पडला तर ॲप स्वतःच कट करतं.

कट केलंच की. वीसपट म्हणजे तुमचा एक रुपया आणि उधारीचे एकोणीस, भाव ५ टक्के पडला की तुमचा रुपया संपला, आणि ॲप त्याच्याही जरा आधीच सौदा तोडतं कारण त्याला त्याचे एकोणीस सुखरूप पाहिजे असतात. भाव पहाटे पडला, सकाळी नऊपर्यंत परत होता तिथे आला, याचे पैसे काही परत आले नाहीत. सहा महिन्यांचा पगार होता. बरं त्याआधी दोनदा मार्जिनचा, म्हणजे सौद्यापोटी ठेवलेली स्वतःची रक्कम कमी पडतेय असा, मेसेज आलेला, दोन्ही वेळा याने आणखी पैसे टाकलेले! याला आम्ही फ्यूजला जाड तार गुंडाळणं म्हणतो. तर सांगायचं हे, की ते ऑटोमॅटिक कट होणं म्हणजे एमसीबी, आणि वायर सावकाराची आहे. तुमच्यासाठीची आरसीसीबी कुठल्याच ॲपमधे बसवून येत नाही, यापुढे एक पैसा उधार घ्यायचा नाही ही रेघ आपणच मारायची असते आणि ती पण सौदा करायच्या आधी, भाव पडायला लागल्यावर कोणाचा हात थरथरत नाही?

लेखात अजून एक आहे, थोडं शेअरमधे, थोडं चांदीत, थोडं क्रिप्टोत ठेवा म्हणजे एक गेलं तरी दुसरं राहील. घरातले दिवे पॅरललमधे असतात, एक गेला तरी बाकीचे चालू, इथपर्यंत बरोबर. पण मेन न्यूट्रल तुटला की सगळं घर एकदम जातं. मार्च २०२० मधे शेअर पडले, बिटकॉईन पडलं, चांदी पडली आणि मधल्या आठवड्यात सोनं सुद्धा पडलं, कारण ज्यांना रोख पैसे हवे होते त्यांनी हातात येईल ते विकलं. तिन्ही गोष्टी उधारीवर घेतल्या असतील तर तिन्हींचा न्यूट्रल एकच आहे, मग नुसती लाईन वेगळी काढून काय उपयोग.

चांदी सुरक्षित म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या हंट बंधूंचं वाचावं. उधारी करकरून चांदी गोळा केली, जानेवारी १९८० मधे भाव औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेला, एक्स्चेंजने उधारीवरच्या खरेदीवर बंधनं आणली आणि २७ मार्चला भाव ११ डॉलरच्या खाली, मार्जिन भरायला पैसे नाहीत. भावाला पुन्हा त्या उंचीजवळ यायला २०११ उजाडलं. स्वतःच्या पैशाने चांदी घेऊन कपाटात ठेवणारा ३१ वर्षं निदान थांबू तरी शकला असता, मार्जिनवाल्याला दिवस पण मिळत नाही.

माझी मागणी एकच आहे. पुरवणीत तुम्ही एक वर्षाचा परतावा ठळक अक्षरात छापता ना, त्याच्या शेजारी तेवढ्याच ठळक अक्षरात हेही छापा की दहापट उधारीत मुद्दल १० टक्के घसरणीत संपतं, वीसपटीत ५ आणि पन्नासपटीत २ टक्क्यांत. जागा दोन ओळींची लागेल. आणि ते एमसीबीचं वाक्य पुढच्या रविवारी दुरुस्त करा, विजेचं लिहिताना एखाद्या वायरमनला फोन लावत जा, आम्ही पैसे घेत नाही त्याचे.

पुतण्याच्या घरी गीझरला वेगळी ४ एमएमची लाईन ओढून दिली, इस्त्री आणि हीटरच्या पॉईंटलाही नवीन वायर टाकली आणि न्यूट्रलचे स्क्रू सगळे आवळले. १६ चा एमसीबी तिथेच आहे, अजून तरी पडलेला नाही. ॲपचं मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

आपला नियमित वाचक,
एक वायरमन