फोटोतली ती अळी पिठ्या ढेकूण नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या कृषी पानावर गेल्या सोमवारी सीताफळावरच्या पिठ्या ढेकणाबद्दल सल्ला आला होता. सल्ल्यातल्या औषधांबद्दल मला आज काही म्हणायचं नाही. तक्रार आहे ती सोबतच्या मोठ्या रंगीत फोटोची. फोटोखाली 'पिठ्या ढेकूण (मिलीबग)' असं छापलंय, आणि फोटोत आहे ती क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळी. ही अळी पिठ्या ढेकणावरच जगते. दिवसभर तिचं दुसरं कामच नाही. चोर पकडा म्हणून हवालदाराचा फोटो छापावा, तसं हे झालं.

दोन्ही पांढरे असतात, दोन्ही एकाच फळावर सापडतात, त्यामुळे गल्लत होते हे मान्य. पण बघायचं म्हटलं तर फरक लपत नाही. पिठ्या ढेकूण चपटा, लांबट गोल, जेमतेम तीन मिलिमीटरचा. अंगावर पीठ भुरभुरल्यासारखा थर असतो आणि तो बसल्या जागी बसून राहतो. फोटोतल्या किड्याच्या अंगभर लांब, वेड्यावाकड्या पांढऱ्या झिपऱ्या आहेत. ही अळी पूर्ण वाढली की बारा-तेरा मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे आपल्या भक्ष्याच्या चौपट. गवताची काडी लावून बघा. पिठ्या ढेकूण ढिम्म हलत नाही, हलला तरी नाइलाजाने; ही अळी तुरुतुरु पळते. तुमच्या फोटोत उजव्या बाजूला झिपऱ्यांखालून तिचे पुढचे पाय स्पष्ट दिसतात. फोटो निवडणाऱ्याने तेवढं पाहिलं असतं तरी पुरे होतं.

एवढ्याशा फोटोवरून पत्र कशाला, असं वाटेल. म्हणून आमच्याकडे काय झालं ते सांगते. आमची बाग पुरंदर तालुक्यात, सीताफळ आणि थोडं अंजीर. बांधाला बांध लागून अण्णांची सीताफळं. पेपर आला त्याच दिवशी दुपारी अण्णा पेपर हातात घेऊन आमच्या अंगणात. "वहिनी, हे बघा, पेपरात आलंय. हीच ती पांढरी कीड. माझ्या खालच्या पट्टीत भरून पडलीय." मी म्हटलं, अण्णा, मारू नका, ही आपलीच आहे. तर म्हणाले, "छापून आलंय की!" छापलेल्यापुढे माझं काय चालणार? संध्याकाळी पंप सुरू झाला. दुसऱ्या दिवशी मी बांधावरून खालच्या पट्टीत गेले. फांद्यांवर, पानांच्या मागे त्या झिपऱ्या वाळून चिकटलेल्या होत्या. आणि फळांच्या डोळ्यांमधल्या खाचांत पिठ्या ढेकूण होते तिथेच, धडधाकट.

त्यात नवल काही नाही. सीताफळाचं फळच असं आहे की कीड लपायला त्यासारखी जागा नाही. डोळे उठलेले, दोन डोळ्यांत खोल खाच, आणि खाचेत ही कीड मेणाच्या पिठाखाली दडलेली. मादी अंडी घालते ती पांढऱ्या कापसासारख्या पिशवीत, शेकड्यांनी. फवाऱ्याचा थेंब त्या मेणावरून घरंगळून जातो. खाणारी अळी मात्र भक्ष्य शोधत उघड्यावर फिरत असते, त्यामुळे विष आधी तिला लागतं. महिन्याभरात पिशव्यांतली पिल्लं बाहेर येतात, आणि त्यांना खायला तेव्हा कोणी उरलेलं नसतं. मग दुकानदार भाऊ म्हणतात, या वर्षी कीड जड आहे, जरा कडक औषध देतो. सायपरमेथ्रिनसारखी औषधं या बाबतीत फार वाईट. ती उपयोगी किड्यांना सरसकट झोपवतात आणि पिठ्या ढेकणाचं त्यांच्याने फारसं बिघडत नाही.

मोठा भुंगेरा आमच्या बायका ओळखतात. फळं तोडायला, प्रतवारीला, क्रेट भरायला बायकाच असतात; फळ हातात घेऊन उलटंसुलटं करून बघणाऱ्या आधी त्याच. भुंगेरा चार मिलिमीटरचा, पाठ काळपट, डोकं आणि मागचं टोक नारिंगी. लाल पाठीवर काळे ठिपके असलेल्या ढालकिड्याचा हा भाऊबंद. पण याला ठिपके नाहीत, म्हणून शाळेच्या पुस्तकातलं चित्र पाहिलेलं पोरही याला ओळखत नाही. आणि त्याची अळी तर कोणीच नाही. खरं म्हणजे खादाड तीच. भुंगेरा खातो, उडून जातो, पुन्हा येतो. अळी एका फळावर ठाण मांडते, अंडी, पिल्लं, मोठे किडे, मिळेल ते संपवते आणि मग पुढच्या फळाकडे निघते.

त्या झिपऱ्यांचं एक गुपित आहे. पिठ्या ढेकूण रस शोषतो आणि गोड चिकटा टाकतो. त्या चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि त्याच्या राखणीला बसतात. (त्याच चिकट्यावर काळी बुरशी वाढते. फळ काळवंडलं की सासवडच्या बाजारात भाव पडतो, आतून ते कितीही गोड असो.) भुंगेरा जवळ आला तर मुंग्या त्याला हुसकावतात. पण अळी त्यांना फसवते; तीही पांढरी, मेणकट, आणि पिठ्या ढेकणाच्या मधोमध फिरते, त्यामुळे मुंग्या तिच्या वाटेला फारशा जात नाहीत. मुंग्यांना फसवायला घेतलेलं हे सोंग आपण बघावं आणि आपणही फसावं? मुंग्यांना निदान पेपर वाचता येत नाही.

माझी मुलगी कृषी पदवीधर आहे. तिच्या वह्या लग्नानंतरही माझ्याच कपाटात आहेत, आणि मी त्या वाचते. हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा एका पांढऱ्या खवले किडीने जायला लागल्या, तेव्हा १८८८ मध्ये अमेरिकन सरकारने अल्बर्ट कोबेले नावाच्या कीटकशास्त्रज्ञाला ऑस्ट्रेलियाला पाठवलं. त्याने वेडेलिया नावाचा लाल-काळा ढालकिडा शोधला. पहिल्या खेपांत जिवंत पोहोचलेले किडे होते १२९. लॉस एंजेलिसमधल्या एका संत्र्याच्या झाडावर तंबू टाकून ते सोडले, आणि वर्षभरात बागा सावरल्या. पुढे १८९१-९२ मध्ये त्याच कोबेलेने क्रिप्टोलिमस तिकडे नेला. आपल्याकडे तो १८९८ मध्ये आला, दक्षिणेतल्या कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी. आणलं होतं त्या कामात त्याने फार दिवे लावले नाहीत, पण इथल्या पिठ्या ढेकणावर तो टिकला. वेडेलियाची कथा मात्र पुढे बिघडली. १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात डीडीटीच्या फवारण्या सुरू झाल्या, ढालकिडे मेले, आणि पन्नासएक वर्षं दबून राहिलेली ती खवले कीड पुन्हा उसळली. म्हणजे अण्णांच्या खालच्या पट्टीत जे झालं, ते तिकडे फार आधी होऊन गेलंय.

इतकं लांब तरी कशाला जायचं? पपईवरचा पिठ्या ढेकूण आपल्या वाचकांना आठवत असेल. तो मूळचा मेक्सिकोकडचा. भारतात त्याची पहिली नोंद २००८ मध्ये कोइमतूरला झाली. दोन वर्षांत तो पुणे भागातल्या पपईवर, तुतीवर, दारातल्या जास्वंदीवरही दिसायला लागला. माझ्या माहेरी पपईच होती. फवारून फवारून भावाचे हात सोलले, आणि शेवटी झाडं उपटायची वेळ आली. शेकडो मैल पसरलेली ती कीड औषधाने गेली नाही. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्थेने (तेव्हा तिचं नाव वेगळं होतं) २०१० मध्ये पोर्तो रिकोहून तीन जातींचे बारीक परोपजीवी कीटक आणले, ते वाढवले आणि सोडले. त्यातला ॲसेरोफॅगस पपाये नावाचा सगळ्यात कामाचा ठरला. मोहरीपेक्षा लहान. तो पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडं घालतो, पिल्लू आतून त्याला खातं आणि गोल भोक पाडून बाहेर पडतं. मागे राहतं तपकिरी, टणक, पोकळ कवच. तेव्हा शेतकऱ्यांना सांगणं एकच होतं, हा सोडल्यावर फवारू नका. काही महिन्यांत पपई मोकळी झाली. आज त्या किड्याचं कोणाला नावही माहीत नाही, कारण त्याची बाटली दुकानात मिळत नाही.

आणि दुकानाचा मुद्दा खरा आहे. औषध सकाळी मागितलं की सकाळी मिळतं. क्रिप्टोलिमस जिवंत प्राणी. तो आधी सांगून ठेवावा लागतो. प्रयोगशाळेत लाल भोपळ्यांवर आधी पिठ्या ढेकूण वाढवतात, मग त्यावर भुंगेरे. त्याला महिना-सव्वा महिना लागतो. शिफारस हेक्टरी साधारण पंधराशे भुंगेऱ्यांची, म्हणजे एकरी सहाशे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात जैविक कीड नियंत्रणाचं काम कित्येक वर्षं चालू आहे. पण तिथून भुंगेरे आणून संध्याकाळी बागेत सोडले आणि चौथ्या दिवशी शेजारच्या बांधावरून फवारा आला, तर पैसे पाण्यात. त्यामुळे हे एकट्याने करायचं काम नाही, वाडीने मिळून करायचं आहे. आणि वाडीला एकत्र आणणारी गोष्ट आमच्याकडे सध्या दोनच, देवाची पालखी आणि तुमचा पेपर.

सगळंच मित्रकिड्यांवर सोपवा, असं मी म्हणत नाही. फळमाशी आली की सापळे लावावे लागतात आणि गळलेली फळं वेचून खड्ड्यात पुरावी लागतात, तिथे भुंगेऱ्याचा उपयोग नाही. पिठ्या ढेकूण अगदी थोडा असला तरीही भुंगेरा टिकत नाही, उपाशी राहून निघून जातो. काही वेळा औषध लागतं. आम्हीही घेतो, पण ज्या झाडावर कीड आहे त्याच झाडाला. छाटणी नीट करून फांद्या जमिनीपासून उचलाव्या, खोडाला ग्रीस लावलेली प्लास्टिकची पट्टी बांधून मुंग्यांची वाट तोडावी, वारुळं मोडावी. हवेत दमटपणा असेल तेव्हा व्हर्टिसिलियम लेकॅनी ही किडीला मारणारी बुरशी दूध घालून संध्याकाळी फवारावी. एवढं वेळेवर झालं की कडक औषधाची पाळी क्वचित येते. या गोष्टी तुमच्या सल्ल्यात शेवटच्या परिच्छेदात दोन ओळींत होत्या. त्या वर घ्या आणि औषधं खाली न्या, एवढं तरी होईल ना?

माझी मागणी मात्र साधी आहे. ज्या पानावर चुकीचा फोटो आला, त्याच पानावर, तेवढ्याच आकारात दुरुस्ती यावी. पान दोनच्या कोपऱ्यात 'दिलगिरी' नको. ती अण्णांनी वाचलेली नसेल. आणि इथून पुढे आठवड्याच्या सल्ल्यात ज्या किडीचा फोटो असेल, तिच्याशेजारी तिला खाणाऱ्याचाही असावा. नुसत्या प्रौढ किड्याचा नको, अळी, अंडी, कोष सगळ्यांचा. क्रायसोपा या मित्रकिड्याची अंडी बारीक केसासारख्या देठावर उभी असतात. ती बघून बुरशी आली म्हणून फवारलेलं मी स्वतः पाहिलंय. स्पाल्जिस नावाचं करडं, छोटं फुलपाखरू आहे. त्याची अळी पिठ्या ढेकूण खाते आणि त्याचंच पीठ अंगाला फासून घेते. तिच्या कोषावर हुबेहूब माकडाचं तोंड दिसतं. असा फोटो छापलात तर पोरंसुद्धा कृषी पान उघडतील.

औषध कंपन्यांच्या जाहिराती त्याच पानावर असतात, हे मला कळतं. पेपर चालवायला पैसे लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण जाहिरातीतला किडा आणि बातमीतला किडा यांची अदलाबदल होऊ नये, एवढं बघा.

सोबत तुमच्या पानाचं कात्रण जोडलंय, फोटोतल्या अळीच्या पायांना पेनने गोल केलाय. आमच्या सूनबाईने बागेत मोबाइलवर काढलेले फोटोही पाठवतेय: पिठ्या ढेकूण, क्रिप्टोलिमसची अळी, भुंगेरा, आणि तो माकडतोंड्या कोष. छापायचे असतील तर पैसे नकोत, नावही नको, तालुका लिहिला तरी चालेल. कोषाचा फोटो थोडा हललाय. बाकीचे स्वच्छ आहेत.

आपली,
एक सीताफळ बागाईतदार,
ता. पुरंदर, जि. पुणे