न केलेले प्रवास

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

नोकरी मिळाल्याचं काल फोनवर सांगितलं, तेव्हा बाबा, तुम्ही विचारलंत, "म्हणजे आता तू रस्ते बांधणार का?" आजूबाजूला माणसं होती, नीट सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र.

रस्ता बांधणारे वेगळे, सिग्नल आणि चौक बघणारे वाहतूक अभियंतेही वेगळे. आम्हा वाहतूक नियोजकांचं काम त्यांच्या आधी सुरू होतं. कोणत्या भागातून किती लोक बाहेर पडतील, कुठे जातील, बसने, गाडीने की पायी, आणि कोणत्या वाटेने, अशा चार पायऱ्यांनी पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा अंदाज बांधायचा. ही पद्धत १९५० च्या दशकात डेट्रॉईट आणि शिकागोच्या अभ्यासांतून रुजली आणि आजही जगभर वापरतात. बस कुठे वाढवायची, पदपथ किती रुंद ठेवायचा हे त्यानंतर ठरतं.

आठ महिने का लागले तेही सांगते. मी 'वाहतूक नियोजक' असं नाव असलेल्याच जागा शोधत राहिले, आणि त्या फार थोड्या निघतात. हेच काम बससेवेत माहिती विश्लेषक म्हणून असतं, सल्लागार कंपनीत नकाशे आणि जीआयएसच्या, म्हणजे संगणकावर नकाशाला माहिती जोडण्याच्या, विभागात असतं, पालिकेत नगररचनेच्या टेबलावर असतं. हे कळल्यावर अर्जांना उत्तरं येऊ लागली.

आणि उपयोगी पडली ती चौकातली मोजणी! आई, तुला ते फार लागलं होतं, एवढं शिकून उन्हात उभं राहून गाड्या मोजायच्या म्हणून. कागदावर दुचाकी, रिक्षा, कार, बस, ट्रक असे रकाने, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, दर पंधरा मिनिटांनी नवी ओळ. मुलाखतीत त्यांनी अशाच मोजणीचा एक तक्ता पुढे ठेवून विचारलं, यात काय चुकलंय? एका ओळीत बसचा आकडा एकदम शून्य होता, आधी आणि नंतर मात्र नेहमीसारखा. मी म्हटलं, बस यायच्या थांबल्या नसतील, बस मोजणारा पाणी प्यायला गेला असेल. तिथे उभं राहिल्याशिवाय हे सुचलं नसतं.

मग नेहमीचा प्रश्न आला, रस्ता रुंद केला तर कोंडी सुटेल का? मी म्हटलं, थोडे दिवस. रस्ता मोकळा दिसला की वेळ बदललेले, दुसऱ्या वाटेने जाणारे, बसने जाणारे सगळे त्यावर परततात. अमेरिकन अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच हे मांडलं होतं. आणि दक्षिण कोरियातल्या सोल शहराने २००३ पासून ओढ्यावरचा उंच महामार्गच पाडला, २००५ मध्ये ओढा खुला केला, तरी ज्याची भीती होती ती महाकोंडी झाली नाही.

शेवटी विचारलं, हेच काम का? तेव्हा बाबा, मी तुमच्याबद्दल बोलले. गुडघ्याच्या त्रासानंतर तुम्ही माझा हात धरून रस्ता ओलांडत होतात आणि अर्ध्यावर सिग्नल बदलला. पायी चालणाऱ्यांचा वेळ बहुतेक ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर धरून ठरवतात. अठरा मीटरच्या रस्त्याला पंधरा सेकंद. तुमच्या चालीने, ०.८ धरली तर, साडेबावीस लागतात. ते साडेसात सेकंद माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत. अमेरिकेच्या २००९ च्या नियमावलीत हा वेग सेकंदाला चार फुटांवरून साडेतीनवर आणला, म्हणजे आकडा बदलता येतो.

पुढच्या महिन्यात रुजू होते. पहिलं काम घरोघरच्या पाहणीचं, घरातला प्रत्येक जण काल कुठे गेला ते लिहून घ्यायचं. त्यात गेलेल्यांचीच नोंद होते. बसची पायरी उंच म्हणून जायचं सोडलेली आई तशा कागदावर कुठेच दिसत नाही, आणि जी दिसत नाही तिच्यासाठी बस येत नाही.

म्हणून माझं एक काम करा. दोघांनी बसून एका वहीत लिहा, या महिन्यात कुठे जावंसं वाटलं आणि गेला नाहीत, आणि कशामुळे. आई, तू "मला कुठे जायचंय आता" असं म्हणशील, पण तूही लिही. मी घरी आले की वही घेऊन जाईन.

तुमची,
धाकटी