अलाहिदा डाव आणि चार ओळींची बातमी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या शहरातील दोन महाविद्यालयांमध्ये झालेला खो-खोचा अंतिम सामना मी पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत उभ्याने पाहिला. दोन्ही डाव संपले तेव्हा गुण समसमान होते, म्हणून अलाहिदा डाव, म्हणजे निकालासाठीचा जादा डाव, खेळवावा लागला. त्यातही नंतर आक्रमण करणाऱ्या संघाची जेमतेम वीस सेकंदे उरली असताना शेवटच्या पाटीवर (खांबालगतच्या बसण्याच्या जागेवर) खो मिळालेल्या एका मुलाने खांबाजवळ सूर मारून गडी टिपला, तेव्हा कुठे एका गुणाने निकाल लागला. या दोन महाविद्यालयांतली चुरस जुनी आहे. थोरला भाऊ एकीकडचा आणि धाकटा दुसरीकडचा, अशी घरे माझ्याच गल्लीत आहेत आणि सामन्याच्या दिवशी तिथे जेवणाच्या पंगतीतही दोन तट पडतात.

दुसऱ्या दिवशी घरी येणाऱ्या दैनिकात या सामन्याला चार ओळी मिळाल्या आणि त्यांपैकी तीन ओळी व्यासपीठावरील मान्यवरांच्या नावांनी भरल्या होत्या. हे मान्यवर नाणेफेक उरकून निघून गेले होते, हे मी मैदानावर होतो म्हणून सांगू शकतो. अलाहिदा डाव झाला, ही गोष्ट बातमीत कुठेच नव्हती.

एरवी मी हे मनातच ठेवले असते. पण माझा भाचा बोस्टनला शिकतो आणि त्याच्या आग्रहामुळे तिथल्या ‘बीनपॉट’ या महाविद्यालयीन आइस हॉकी स्पर्धेचा फेब्रुवारी २०२४ मधील अंतिम सामना मी नुकताच पाहिला. सोलापूरकराची बर्फाशी गाठ पडते ती रसाच्या गाड्यावर, त्यामुळे हा खेळ मला कळणार नाही अशी माझी खात्री होती. तसे झाले नाही. बर्फावर दोन्ही बाजूंचे सहा-सहा खेळाडू, वीस मिनिटांचे तीन भाग आणि चेंडूऐवजी कडक रबराची चकती, तीही उसळू नये म्हणून आधी गोठवून ठेवलेली, एवढे समजले की डोळे हलत नाहीत. मला सर्वांत नवल वाटले ते शेवटच्या मिनिटांचे. एका गोलाने मागे असलेला संघ तेव्हा आपला गोलरक्षकच बाहेर बोलावतो आणि त्याच्या जागी आणखी एक आक्रमक उतरवतो. स्वतःचे जाळे सताड उघडे टाकून बरोबरीसाठी धाव घेतो. खो-खोतही वेळ संपत आली की असाच हिशेब बदलतो. तोवर खोमागून खो देत संरक्षकाचा दम काढणारा संघ एकदम सूर मारू लागतो, आणि सूर चुकला तर गडीही जातो आणि उरलेली सेकंदेही जातात. भाच्याने दाखवलेला तो सामनाही जादा वेळेत गेला आणि नॉर्थईस्टर्नने बोस्टन युनिव्हर्सिटीला ४-३ असे हरवले. त्याच्या आदल्या वर्षीचा नॉर्थईस्टर्न आणि हार्वर्ड यांच्यातील अंतिम सामना तर शूटआउटवर सुटला होता.

या स्पर्धेत संघ चारच असतात आणि ते चारही बोस्टन परिसरातल्या विद्यापीठांचे. त्यांतली बोस्टन युनिव्हर्सिटी आणि बोस्टन कॉलेज ही दोन तर कॉमनवेल्थ ॲव्हेन्यू या एकाच रस्त्यावर आहेत. स्पर्धेला नाव आहे ते कुठल्या थोर गोष्टीचे नव्हे, तर घेवड्याचे दाणे शिजवायच्या मडक्याचे. आपल्याकडच्या करंडकाला शेंगाचटणीचे नाव द्यावे, तसे. तरीही १९५२ साली सुरू झालेली ही स्पर्धा आज १७ हजारांहून अधिक आसनांच्या टीडी गार्डन या क्रीडागारात भरते. यातल्या नॉर्थईस्टर्नने १९८८ नंतर करंडक जिंकला तो थेट २०१८ मध्ये.

तिथल्या पैशांशी किंवा बंदिस्त क्रीडागाराशी आपली तुलना करण्यात अर्थ नाही. मला हेवा वाटतो तो तारखेचा. फेब्रुवारीचे पहिले दोन सोमवार म्हणजे बीनपॉट, हे तिथे पाठ झालेले असते. ६ फेब्रुवारी १९७८ च्या सोमवारी हिमवादळ सुरू झाले तरी लोक सामन्याला गेले आणि त्यांतले कित्येक जण पुढे काही दिवस बोस्टन गार्डन या तेव्हाच्या क्रीडागारातच अडकून पडले. संक्रांतीला भरणारी आपली गड्ड्याची यात्रा कधी, हे सांगायला आपल्यालाही पंचांग उघडावे लागत नाही. मात्र महाविद्यालयांचा अंतिम सामना कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवला होता, त्या वेळी एका महाविद्यालयात चाचणी परीक्षा चालू होती आणि मला स्वतःला सामन्याची वार्ता लागली ती चहाच्या गाड्यावर. कडेला शंभर माणसेही नव्हती.

या जिल्ह्याला खो-खोची ओळख करून द्यावी लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत भारताच्या पुरुष संघाने नेपाळला ५४-३६ असे नमवून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला, त्या संघात माळशिरस तालुक्यातील वेळापूरचा रामजी कश्यप होता. त्या दिवसांत आपण सारेच खो-खोवर भरभरून बोललो. तेच कौतुक स्थानिक सामन्याच्या वाट्याला निदान अर्धा स्तंभ तरी यावे.

म्हणून आपणास विनंती की, महाविद्यालयीन स्पर्धांच्या अंतिम सामन्यांची वेळ व मैदान आदल्या दिवशी ठळकपणे छापावे, आणि बातमी देताना डाव कसा फिरला, कोणी किती वेळ पळती दिली (म्हणजे बाद न होता कोण किती वेळ पळत राहिला), कोणाचा सूर निर्णायक ठरला, हे आधी सांगून मान्यवरांची यादी जागा उरल्यास द्यावी. आयोजकांनीही सामना सायंकाळी पाच वाजता ठेवला तर शिकवणारे आणि शिकणारे दोघेही येऊ शकतील. उन्हाचा विचार करता खेळाडूंनाही तेच बरे.

त्या दिवशी खांबाजवळ सूर मारणाऱ्या मुलाच्या पाठीवर ७ क्रमांक होता. त्याचे नाव आपल्या वार्ताहरांना मिळाल्यास कृपया ते छापावे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
मुरारजी पेठ, सोलापूर