वकीलसाहेबांस

प्रिय वकीलसाहेब,

दीड वर्ष झालं, तुला ना पत्र ना फोन. वाढदिवसाला ग्रुपवर फुलांचं चित्र टाकलं तेवढंच, तेही उशिरा. शिव्या घाल, पण आधी हे वाच, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल की एवढं काय त्यात. तब्येत ठीक, डावा गुडघा सोडून.

मागच्या आठवड्यात आपल्या त्या पाणलोटात गेलो होतो. एकटा नाही, नवीन भरतीची बारा-पंधरा पोरं घेऊन. सगळ्यांकडे मोबाईलवर नकाशे, ड्रोन पण होता. आपण पाणी भरलेल्या नळीची लेव्हल धरून टेकडीवर दोन टोकांना उभे राहून 'थोडं वर, अजून वर, मेल्या खाली' असं बोंबलायचो ते सांगितलं तर हसले. यशस्वी पाणलोट कसं असतं ते बघायला आले होते, आणि दाखवणारा मी. तूही हस.

बरं, सुरुवात कुठून केली असेल? विहिरीपासून! काम वरून खाली, माथा ते पायथा, माथा ते पायथा करत आयुष्य गेलं आपलं आणि पाहुणे आले की पायथ्यापासून सुरू, कारण वर फोटो काढण्यासारखं काही नसतं. विहिरीला पाणी होतं, चांगलं होतं. पोरं खूश. मग मी माझं नेहमीचं सुरू केलं, एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर, तू या वाक्याला कायम जांभई द्यायचास. पण पोरं लिहून घेत होती.

तेवढ्यात एका पोरीने विचारलं, सर ती निळी-काळी तळी कसली? शेततळी रे, प्लास्टिकचा कागद टाकलेली. मी सांगितलं, पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवायला. ती म्हणाली पण पाइप तर विहिरीकडून येतोय. मी गप्प. पाच मोजली मी. रात्री झोप आली नाही म्हणून हिशोब मांडत बसलो. ३० बाय ३० आणि ३ मीटर खोल, उतार धरून साधारण २० लाख लिटर. आपला काळा दगड शंभरात दोनच भाग पाणी सोडतो असं धरलं तर विहिरीची पातळी ३ मीटर चढली म्हणजे खरं पाणी ६ सेंटिमीटर, हेक्टरला ६ लाख लिटर. म्हणजे एकेक तळं तीन-सव्वातीन हेक्टरखालचं चढलेलं पाणी पिऊन बसतं. वर उन्हाळ्यात रोज ७ मिलिमीटर वाफ धर, तर भरलेल्या एका तळ्यावरून दिवसाला ६ हजार लिटर हवेत! जमिनीखाली झाकलेलं पाणी आपण मुरवलं आणि तळीवाल्यांनी उपसून उन्हात ठेवलं. त्यांना तरी काय बोलू, प्रत्येकाला वाटतं आपण नाही उपसलं तर शेजारी उपसेल.

पण पत्र त्यासाठी नाहीये.

पोरं म्हणाली चर बघायचेत. गेलो वर, गुडघ्याची वाट लागली. आपले सलग समतल चर, उताराला आडवे खोदलेले, निम्मे बुजलेत, ते बुजायचेच, गाळ धरायलाच खोदले होते, कडेला गवत मस्त आहे. आणि तिथे वरच्या वाडीतले आबा बसलेले. तेच आबा, ज्यांच्यासाठी तू भांडायचास. मला ओळखलं त्यांनी. उठले, आणि पोरांसमोर विचारलं, "साहेब, चर बुजलं की आता. शेरडं सोडू का?"

अरे, सतरा वर्षं झाली! चराईबंदी आपण तीन वर्षांची म्हणालो होतो. पुढे ती ज्यांना सोयीची होती त्यांनी चालू ठेवली, गवताचा लिलाव होतो आणि घेतात खालचे दूधवाले. आबांकडे चाळीस होती, आता दोन. वाडीला उन्हाळ्यात टँकर येतो. टेकडी त्यांची राखलेली, पाणी खालच्यांचं. चेष्टा करत होते की खरंच विचारत होते ते मला अजून कळलेलं नाही, आणि मी काय उत्तर दिलं माहितेय? "बघू." पोरांना वाटलं म्हातारा गमतीशीर आहे.

तुझं ते सुखोमाजरी गाव आठवलं. तेव्हा तू रोज रात्री तेच काढायचास, हरियाणात मृदसंधारणवाल्या मिश्राजींनी कसं केलं, चंदीगडच्या तलावात गाळ कुठून येतो ते शोधत वर गेले तर शेळ्या आणि उघडी टेकडी, मग चराई थांबवायच्या बदल्यात प्रत्येक घराला पाण्याचा सारखा वाटा, जमीन असो नसो. आणि पाणी पंचायतीत विलासराव साळुंखे पाणी जमिनीवर नाही माणशी मोजायचे, भूमिहीनालाही हक्क. मी म्हणायचो, वकीलसाहेब, आपल्याला जूनच्या आधी चर संपवायचेत, तुमची केस पुढच्या तारखेला. सगळे हसायचे. सरकारच्या २००८च्या पाणलोट मार्गदर्शक सूचनांत भूमिहीनांच्या उपजीविकेसाठी १० टक्के निधी आला तेव्हा तू मला फक्त 'तारीख लागली' एवढा एसएमएस केला होतास, मी उत्तर दिलं नव्हतं. रागाने नाही, म्हणजे थोडं रागानेच. (तू तरी कुठला साधू, माझी नवी टेप तूच दरीत टाकलीस आणि अजून कबूल करत नाहीस.)

आता मला म्हणतायत की तिथलं दुसऱ्या टप्प्याचं काम बघा, चर साफ करणं, बांधांची डागडुजी. पहिली अट काय असेल सांग. चराईबंदी. ती सांगायला वर कोण जाणार? मीच. नाही म्हणावं तर दुसरा कोणी पोकलेन घेऊन येईल आणि नाला खडकापर्यंत खरवडून जाईल. हो म्हणावं तर आबांच्या तोंडाकडे कसं बघू. पाण्याचा वाटा ठरल्याशिवाय एक दगड हलवणार नाही असं म्हणायची माझी तयारी आहे, पण पाच तळीवाले समितीत आहेत ना राजा.

वहिनींची बदली झाली का? पोरगी बारावीला ना यंदा, का झाली? सांग तिला काका आठवण काढतो. घराचं काम संपलं असेल.

महत्त्वाचं राहिलं. निघताना आबा म्हणाले, वरच्यांना वाटा देऊ असं तुम्ही वहीत लिहिलं होतं. मला आठवतं की तू लिहायला घेतलं होतंस आणि मी म्हणालो होतो, ते नंतर बघू. खोडलं का राहिलं ते आठवत नाही. ग्रामसभेच्या नोंदींची ती हिरव्या पुठ्ठ्याची वही तू घेऊन गेला होतास, टाकली नसशील, तू काहीच टाकत नाहीस, माझी टेप सोडून. चराईबंदीच्या ठरावाचं पान शोध, फोटो काढून पाठव. खाली माझी सही आहे का तेही बघ. शनिवारी मला त्यांना उत्तर द्यायचंय.

तुझा,
नंतर बघू