टपरीवर कोण कधी हसते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला प्रोग्रॅमर मंडळींवरचा लेख वाचला. नवीन काही आले की हे लोक नाक मुरडतात, टवाळी करतात, आणि ही टवाळी म्हणजे नोकरी जाण्याची भीती झाकण्याची रीत आहे, असा त्याचा एकूण सूर होता.

मी १९९८पासून याच धंद्यात आहे. राहतो मुलुंडला, नोकरी पवईत. सकाळी कांजूरमार्गला उतरायचे, शेअर रिक्षा धरायची आणि लिफ्टच्या रांगेत उभे राहण्याआधी ऑफिसच्या मागच्या टपरीवर कटिंग मारायचा. तिथे आम्ही पाच-सहा जण आपल्याच दैनिकातल्या तंत्रज्ञानाच्या बातम्यांची रोज चिरफाड करतो. म्हणजे लेखातले आरोपी आम्हीच. निकाल तर लागलाच आहे, निदान जबाब तरी नोंदवून घ्यावा, म्हणून हे पत्र.

आम्ही हसतो, हे कबूल. पण कशाला हसतो ते लेखकाने टपरीवर येऊन पाहायला हवे होते.

१९ जुलै २०२४चा शुक्रवार आठवा. जगभरचे संगणक निळे पडले, विमाने खोळंबली, आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. दुसऱ्या दिवशी मथळ्यांमध्ये प्रलय, हाहाकार, सायबर संकट असे सगळे शब्द होते. माझ्या आईने पेपर पुढ्यात धरून विचारले, ‘हे तुमच्याच लोकांनी केलं ना रे?’ केले होते आमच्याच लोकांनी. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटी फाइल आपल्या ग्राहकांच्या संगणकांवर पाठवली. तिच्यातला नियम एकविसावी नोंद तपासायला सांगत होता आणि प्रोग्रॅमला पुरवलेल्या नोंदी होत्या वीस. वीस खोल्यांच्या चाळीत एकविसाव्या खोलीची कडी वाजवायला निघालेला माणूस गॅलरीतून खाली पडावा, तसा तो प्रोग्रॅम पडला. आणि त्याची बैठक विंडोजच्या अगदी गाभाऱ्यात, त्यामुळे पडताना अख्खा संगणक घेऊन पडला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने अशी ८५ लाख यंत्रे बसली. कंपनीने ७८ मिनिटांत चूक मागे घेतली, पण पडलेल्या संगणकाला ती दुरुस्ती पोचणार कशी? तेव्हा बहुतेक ठिकाणी एकेका यंत्रापाशी माणूस गेला, सेफ मोडमध्ये ते सुरू केले आणि हाताने एक फाइल पुसली.

आता सांगा, हसू येईल की नाही? मथळ्यात प्रलय आणि आत मोजणीची चूक. त्यात आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना नियम असा की शुक्रवारी नवा कोड लोकांकडे सोडायचा नाही. सोमवारपासून टपरीवर कोणीही बिस्किटे मोजू लागला की दुसरा विचारायचा, ‘वीस की एकवीस?’ हे महिनाभर चालले.

हा विनोद दुसऱ्याच्या फजितीवरचा नव्हता. आमच्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी त्या एकविसाव्या खोलीची कडी वाजवलेली आहे. फरक इतकाच की आमच्या वेळी ८५ लाख यंत्रे नव्हती.

गेल्या वर्षीची दिवाळी घ्या. २० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशी. अभ्यंगस्नान झाले, फराळ झाला आणि दुपारी सव्वाबाराच्या सुमारास ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विभागातली यंत्रणा ढेपाळली. जगातली कितीतरी ॲप्स आणि संकेतस्थळे तिच्या जिवावर चालतात, तीही सोबत गेली. आमच्या ग्रुपवर कारण कळायच्या आधीच पहिला संदेश पडला तो असा: ‘डीएनएस.’ हा आमच्यातला पिढीजात शेरा. काहीही बिघडले तरी दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या वहीचा; आणि तिचा नाही अशी खात्री पटली की मग तर नक्कीच तिचा. पुढे ॲमेझॉनने सविस्तर खुलासा केला. एक स्वयंचलित कामगार जुन्या पत्त्यांची यादी लावत होता, त्याच वेळी दुसरा जुन्या याद्या साफ करत होता. दोघांची वेळ नेमकी जुळली आणि वहीतले पान कोरे झाले. घरात एकाने रद्दी काढावी आणि दुसऱ्याने त्यातच लाइटबिल ठेवावे, तसे. आपल्या दैनिकात या बातमीला पहिल्या पानावर जागा मिळाली. खुलासा आला तेव्हा आतल्या पानावरही मिळाली नाही. आम्ही हसतो ती जागा नेमकी ही आहे. बातमी खोटी नसते, ती अर्ध्यात सोडलेली असते.

आता एआयकडे येतो, कारण लेखाचा रोख तिथेच आहे.

मी एआय रोज वापरतो. हे छापाच, नाहीतर पत्र म्हाताऱ्याची कुरकुर म्हणून बाजूला पडेल. पूर्वी ज्या कंटाळवाण्या कामात अर्धी दुपार जायची ते वीस मिनिटांत होते. मागच्याच महिन्यात मात्र गंमत झाली. एक टेस्ट केस, म्हणजे प्रोग्रॅमचे उत्तर बरोबर येते का ते तपासणारी चाचणी, सतत नापास होत होती. महिनाअखेरच्या तारखेचा हिशेब होता, अपेक्षित उत्तर २८ आणि येत होते २९. यंत्राला म्हटले, एवढे दुरुस्त कर. दोन मिनिटांत सगळे हिरवे. मी उघडून पाहिले, तर पठ्ठ्याने हिशेबाला हातच लावला नव्हता. टेस्टमधला अपेक्षित आकडा २८चा २९ करून ठेवला होता. म्हणजे विद्यार्थ्याने उत्तर सुधारण्याऐवजी बाईंची उत्तरसूचीच खोडली. मी हटकले, तर लगेच नम्रपणे, आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. हा प्रकार मी टपरीवर सांगितला तेव्हा चहावाल्यासकट सगळे हसले. कारण अशा वागणुकीचा एक ज्युनियर प्रत्येकाने सांभाळलेला आहे, आणि आमच्यातले दोघे तर तेच ज्युनियर होते.

एआयमुळे कामाचा वेग किती वाढला याचे आकडे आपण वरचेवर छापता. ते बहुतेक विकणाऱ्याचे असतात. २०२५च्या जुलैत मीटर नावाच्या एका अमेरिकी संशोधन गटाने १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामे दिली, काही एआय घेऊन, काही एआयशिवाय. एआय घेऊन केलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. गमतीचा भाग पुढे आहे. काम संपल्यावर त्याच मंडळींना विचारले, तर त्यांच्या मते ती २० टक्के लवकर झाली होती. माणसे सोळाच, आणि साधने तेव्हाची, आता ती सुधारली आहेत; तेव्हा यावरून शेवटचा निकाल काढू नये. पण काम भराभर झाल्यासारखे वाटणे आणि ते खरेच भराभर होणे यांतले अंतर आम्ही आयुष्यभर पाहत आलो आहोत. ‘नव्वद टक्के झालंय’ हे वाक्य आम्ही सलग चार-चार महिने बोललेलो आहोत. तेव्हा कुठल्याशा कंपनीचा प्रमुख म्हणतो की अमुक महिन्यांत नव्वद टक्के कोड यंत्र लिहील, तेव्हा आम्हाला त्या नव्वदचीच मजा वाटते. उरलेल्या दहा टक्क्यांतच आमची घरे चालली आहेत.

आणि भीती? आहे ना. जुलै २०२५मध्येच टीसीएसने १२ हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले. मुंबईत १९६८ साली सुरू झालेली ही कंपनी. आमच्या पिढीत तिथे चिकटला म्हणजे सुटला, असे घरोघरी म्हणत. त्या सकाळी टपरीवर कोणी हसले नाही. कोणी कोणाला काही विचारलेही नाही. एकाने चहाचे पैसे दिले आणि आम्ही वर गेलो. त्या सुमारास माझ्या पुतण्याची कॉलेजातली प्लेसमेंट दुसऱ्यांदा पुढे ढकलली गेली होती आणि त्याने ही बातमी मला व्हॉट्सॲपवर पाठवली होती, सोबत एक शब्दही न लिहिता. मीही त्यावर काही लिहिले नाही. आपल्या लेखकाला एवढेच सांगा की आम्ही घाबरतो तेव्हा असे गप्प होतो. विनोद सुचतात ते इतर दिवशी.

जाता जाता एक तक्रार. त्या रविवारच्या लेखात एआय मराठीत किती पटाईत झाले आहे याचेही कौतुक होते. तो लेख मी आपल्या संकेतस्थळावर ‘कऱ्हाड’ हा शब्द टाकून शोधला (त्यात कऱ्हाडच्या एका मुलीचा उल्लेख होता). मिळाला नाही. कारण त्यातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, शोधयंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. यंत्राने मराठीत कविता करण्याआधी आपल्या पेपरातले कऱ्हाड सापडावे, एवढी अपेक्षा आहे. काम दोन दिवसांचे आहे. हवे तर मी करून देतो.

आमच्या धंद्यात चांगले झाले की बातमी होत नाही. मार्च २०२४मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका प्रोग्रॅमरला लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले. दुसरा कोणी असता तर चहा प्यायला गेला असता. हा खणत बसला आणि त्याला एक चोरदरवाजा सापडला. एक्सझेड नावाच्या एका साध्या फुकट साधनात कोणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ सज्जनपणे काम करून विश्वास कमावला होता आणि मग तो दरवाजा बसवला होता. तो पुढे सगळीकडे पोचला असता तर जगातले असंख्य सर्व्हर उघडे पडले असते. आमच्या टपरीवर त्या दिवशी या गृहस्थाच्या नावाने एक कटिंग जास्तीचा सांगितला गेला. आपल्या अंकात मी ही बातमी शोधली, सापडली नाही. (कदाचित तिच्यातही अर्धा र असेल.)

१९९९चेही तेच. वर्षाचे दोनच अंक ठेवणारे संगणक २००० उजाडताच १९०० समजून गोंधळतील, ही वायटूकेची भीती होती. ३१ डिसेंबरला आम्ही अंधेरीच्या सीप्झमध्ये रात्रभर बसलो होतो. न्यूझीलंडमध्ये बारा वाजले तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेचार होते; तिथले दिवे चालू आहेत म्हटल्यावर वडापाव मागवले. पुढे एकेक देश सुखरूप पार पडला, आणि जानेवारीत वाचले की वायटूके हा नुसता बागुलबुवा होता. काही झाले नाही, कारण दोन वर्षे हजारो लोक तेच काम करत होते. त्यात मीही होतो.

आणि त्यातले माझे काम काय होते, तेही सांगून टाकतो. परदेशातल्या एका विमा कंपनीच्या, कोबोल या जुन्या संगणकभाषेतल्या प्रोग्रॅममध्ये दावा आल्याची तारीख दोन अंकी वर्षात ठेवलेली होती. सगळ्या फाइली चार अंकी करायला वेळ नव्हता. तेव्हा सगळेच करत ती युक्ती मी केली: वर्ष ३०पेक्षा कमी असेल तर पुढे २० लावा, नाहीतर १९. ३० हा आकडा मीच ठरवला, कारण २०३० तेव्हा फार लांब वाटत होते. वर एक ओळ लिहिली की ही तात्पुरती सोय आहे, नवी यंत्रणा आली की काढून टाकावी.

तो प्रोग्रॅम अजून चालू आहे. सध्या तो सांभाळणारा मुलगा ओळखीचा निघाला. त्याने मध्यंतरी तो भाग एआयला समजावून सांगायला लावला. यंत्राने लिहिले की ३० ही मर्यादा दीर्घकालीन गरजांचा विचार करून निवडलेली दिसते. मुलाने ते टपरीवर मोठ्याने वाचून दाखवले आणि सगळ्यांत जास्त वेळ मी हसत होतो. मग आम्ही दोघांनी बोटांवर वर्षे मोजली, आणि त्याने मला माझा निवृत्तीनंतरचा फोन नंबर मागितला.

आपला,
एक प्रोग्रॅमर वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई